नेणे किंवा ठेवणे : अर्भक स्वाधीन करण्याविषयीच्या काही मजकुरांचे परीक्षण

ज्याला वाढविणे आईबापांना शक्य नाही अशा नवजात अर्भकाचे काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे समाजशास्त्राच्या आणि विधिशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपविला गेला आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहिले ते बहुधा विधवांच्या दुःस्थितीचे एक प्रकरण म्हणून, किंवा कर्णासारख्या टाकलेल्या मुलाच्या पुढील आयुष्याची पूर्वपीठिका म्हणून. मूल आईच्या हातातून दुसऱ्याच्या हाती जाते तो प्रसंग, आणि तो निर्वेधपणे पार पडावा म्हणून कोणी तरी लिहिलेला मजकूर, ह्यांची वाङ्मयीन दृष्टीने फारशी चिकित्सा झालेली नाही. प्रस्तुत लेखात अशा काही मजकुरांचा परामर्श घ्यावयाचा आहे. त्यांत एक भित्तिपत्रक आहे, एक सरकारला धाडलेले निवेदन आहे, एक निबंध आणि एक नाटक आहे, आणि अखेरीस आजचा एक अधिनियम आहे. भित्तिपत्रक आणि अधिनियम ह्यांना वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत ओढण्याचे प्रयोजन काय, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. त्याला उत्तर एवढेच की, प्रत्येक मजकुराला कोणी तरी उद्देशिलेला वाचक असतो. ह्या विषयापुरते तरी तो वाचक कोण, ह्यावर एखाद्या अर्भकाचे जगणे अवलंबून राहिलेले आहे.

आरंभी एका क्रियापदाचा विचार केला पाहिजे. अशा मुलाविषयी मराठीत रूढ असलेला शब्द ‘टाकणे’ हा होय. ‘टाकलेले मूल’ आणि ‘नवऱ्याने टाकलेली बाई’ ह्या दोन्ही प्रयोगांत क्रियापद तेच आहे. पण दुसऱ्यात कर्ता उघड आहे, पहिल्यात तो अध्याहृत असून ऐकणारा तेथे आईलाच गृहीत धरतो. ज्या पुरुषाने दोघांकडेही पाठ फिरविली तो ह्या वाक्यरचनेत कोठेच येत नाही. ‘टाकणे’ ह्याच्या उलट बाजूस ‘देणे’, ‘सोपविणे’, ‘स्वाधीन करणे’ हे शब्द आहेत. ह्या शब्दांना घेणारा लागतो. टाकण्याला लागत नाही. टाकणे आणि सोपविणे ह्यांतील हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न म्हणजेच आपल्या विषयाचा इतिहास, असे म्हणता येईल.

हे अंतर महाभारतकारांना चांगले ठाऊक होते. वनपर्वातील कर्णजन्माची कथा सर्वपरिचित आहे; तथापि तिच्यातील दोन तपशील सहसा नजरेतून सुटतात. कुंती आपल्या दाईच्या सल्ल्याने मुलाला मंजूषेत ठेवते. त्या मंजूषेत मऊ अंथरूण आहे, फटी मेणाने बुजविलेल्या आहेत. मध्यरात्री अश्वनदीत ती सोडताना कुंती रडते, पाण्यातील, भूमीवरील आणि आकाशातील भूतांना त्याच्या रक्षणासाठी विनविते, आणि जी स्त्री ह्याला पुत्र म्हणून वाढवील तिचे भाग्य मोठे असे म्हणते. म्हणजे ही स्त्री मूल टाकीत नसून, घेणारा कोण हे ठाऊक नसतानाही ते सोपवीत आहे. मेण, अंथरूण आणि त्या अज्ञात स्त्रीचा हेवा ह्यांनी व्यासांनी तेवढा भेद राखला आहे. दुसरा तपशील ह्याहून सूचक आहे. अश्वनदीतून चर्मण्वती, तेथून यमुना, मग गंगा असा प्रवास करून मंजूषा चंपानगरीस अधिरथ सूताला सापडते, राधा मुलाला वाढविते. आणि पुढे आपला मुलगा कोठे वाढतो आहे हे कुंतीला हेराकरवी कळते, असे महाभारत सांगते. तात्पर्य, आईला पत्ता आहे, मुलाला नाही. उद्योगपर्वात गंगातीरी कर्ण तिला जो दोष देतो त्यातील कडवटपणा जन्माच्या वेळी सोडल्याचा आहेच. पण इतका काळ गप्प राहून आता स्वतःच्या गरजेपोटी ती आली, ह्याचाही आहे. गुप्तता आईला वाचविते आणि तीच मुलाला आपल्या उगमापासून तोडते, हा पेच येथे प्रथम मांडला गेला. तो अद्यापि सुटलेला नाही.

विसाव्या शतकातील मराठी लेखकांनी कर्णकथा पुनःपुन्हा हाताळली. शिरवाडकरांचे ‘कौन्तेय’ (१९५३), दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२), इरावती कर्वे ह्यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (दोन्ही १९६७) ही नावे चटकन आठवतात. ह्या लेखनाची थोरवी वादातीत आहे. मात्र ‘मी कोण’ हा कर्णाचा प्रश्न हाच त्यांच्या आस्थेचा विषय असल्यामुळे नदीकाठची ती रात्र पुढच्या शोकांतिकेचा पहिला प्रवेश एवढीच राहते. ‘मृत्युंजय’मध्ये कुंतीला स्वतःच्या तोंडून बोलण्याची संधी मिळाली खरी, पण ती बोलते ती एका वीराची माता म्हणून. सूतपुत्र वीर निघाला नसता, चंपानगरीत रथ हाकीत म्हातारा झाला असता, तर त्या मंजूषेविषयी कोणी कादंबरी लिहिली असती काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

आता आपण ज्या मजकुराला ह्या विवेचनात सर्वांत अधिक महत्त्व देणार आहोत त्याकडे वळू. हा मजकूर काही ओळींचाच आहे आणि तो पुण्याच्या भिंतींवर चिकटविलेला होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्याचे कारण जोतीरावांनीच पुढे नोंदवून ठेवले आहे. ४ डिसेंबर १८८४ रोजी, मलबारींच्या टिपणांवर मत देताना, लादलेल्या वैधव्यासंबंधी त्यांनी जे इंग्रजी निवेदन केले, त्यात काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेची हकीकत आहे. जोतीरावांच्या स्नेह्याच्या घरी ती स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवाने तिला फसविले, औषधांनी गर्भ पडला नाही, मूल झाले, तिने ते मारून विहिरीत टाकले. तिच्यावर पुण्याच्या सत्र न्यायालयात खटला होऊन तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली होती. तेव्हा नव्या संहितेची शाई वाळते न वाळते तोच हा खटला उभा राहिला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. खटल्याच्या पाठोपाठ जोतीरावांनी आपले गृह काढले आणि ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील सूचना लावल्या.

(येथे जाता जाता एक खुलासा. लोकप्रिय चरित्रांतून आणि व्याख्यानांतून शिक्षा झालेली ही काशीबाई आणि जिचा मुलगा यशवंत पुढे फुले दांपत्याने दत्तक घेतला ती विधवा, ह्या दोघी एकच असल्यासारखे पुष्कळदा सांगितले जाते. जिने आपले मूल मारले आणि जी काळ्या पाण्यावर गेली तिचेच मूल दत्तक कसे जाईल, एवढे विचारले तरी हा घोटाळा उघडा पडतो. दोघींची नावे सारखी सांगितली जातात म्हणून गोष्ट गोड करून घेण्याचा मोह अभ्यासकाने टाळला पाहिजे.)

त्या सूचनेचा आशय असा : विधवांनी येथे येऊन गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे किंवा येथे ठेवावे, हे त्यांच्या मर्जीवर राहील, ठेवलेल्या मुलाचा सांभाळ गृह करील. ह्या मजकुराची तीन वैशिष्ट्ये सांगता येतात आणि तिन्ही त्या काळाच्या लेखनरीतीहून वेगळी आहेत. विधवांविषयी तत्पूर्वी आणि तत्पश्चात जे विपुल लिहिले गेले, ते बहुतेक पुरुषांनी पुरुषांना उद्देशून लिहिलेले आहे. त्यात विधवा हा विषय आहे. ती वाचक नाही. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ह्या कादंबरीचे पूर्ण शीर्षकच ती हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण आहे असे सांगते. निरूपण ऐकणारा श्रोता अर्थातच दुसरा. फुल्यांच्या सूचनेत मात्र विधवेलाच थेट हाक आहे. अक्षरओळख नसलेल्या बाईने ती वाचावी कशी, हा प्रश्न रास्त आहे. तथापि भिंतीवरचा मजकूर चारचौघांत मोठ्याने वाचला जातो, त्याची टवाळी होते, निंदा होते, आणि त्या निंदेतूनच पत्ता जिला हवा तिच्या कानी पोहोचतो.

दुसरे वैशिष्ट्य असे की, ह्या मजकुरात पापाचा उल्लेख नाही, पश्चात्तापाची अट नाही, क्षमेचे आश्वासनही नाही. क्षमा करावयाची तर आधी अपराध गृहीत धरावा लागतो. येथे बाळंतपण हे बाळंतपण आहे आणि मूल हे मूल आहे. दोहोंना विशेषण नाही.

तिसरे, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचे, म्हणजे त्यातील ‘किंवा’ हे अव्यय. मूल न्यावे किंवा ठेवावे. हा विकल्प इतक्या सहजपणे येतो की त्याचे धाडस लक्षात येत नाही. केशवपन झालेली विधवा आपले मूल कडेवर घेऊन परत जाईल, ही गोष्ट १८६३ च्या पुण्यात जवळजवळ अशक्य होती. हे जोतीरावांना कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. तरीही त्यांनी ते प्रथम लिहिले आणि ठेवण्याचा पर्याय मागाहून लिहिला. समाजाने जो पर्याय दिला नाही तो कागदावर तरी तिच्याकडे राहू दिला. सोपविणे हे सोपविणे ठरण्यास न सोपविण्याची मोकळीक हवी. ती नसेल तर ते पुन्हा टाकणेच होय, फक्त जागा सुरक्षित.

मात्र भित्तिपत्रक वाचून १८८४ चे निवेदन वाचले म्हणजे ‘सुखरूप’ ह्या शब्दाची किंमत कळते. जोतीराव सांगतात की, गृह सुरू झाल्यापासून तोवर ३५ गर्भवती विधवा तेथे बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत आहेत आणि ३० दगावली. ही मुले गृहातील हेळसांडीने गेली असे जोतीराव म्हणत नाहीत. गर्भ लपविण्यासाठी आयांनी जी विषारी औषधे घेतली असावीत त्यांची इजा पोटातच झाली होती, असे त्यांचे निदान आहे. सुमारे वीस वर्षांच्या कार्याचा हा हिशेब देताना त्यांनी आकडे झाकले नाहीत, की त्यांवर करुण रसाचा मुलामा दिला नाही. सुधारकाने सरकारास लिहिलेल्या निवेदनात आपल्याच संस्थेचे अपयश इतक्या निर्विकारपणे नोंदवावे, हे आजच्या अहवाललेखकांनी पाहण्यासारखे आहे. त्या आकड्यांचा अर्थही स्पष्ट आहे. दार उघडे होते, पण बाई दाराशी पोहोचेपर्यंत उशीर झालेला होता. मुलाचा जीव वाचविण्याची वेळ प्रसूतीच्या रात्रीची नसून, दिवस गेल्याचे तिला कळते तेव्हापासूनची आहे. आणि त्या महिन्यांत तिला भेटतो तो केवळ धाक.

१८७५ साली पंढरपूरला न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या पुढाकाराने आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाच्या आश्रयाने जे बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले, त्याचे कार्य पुण्याच्या गृहाहून कितीतरी दीर्घजीवी ठरले. नवरंगे बालकाश्रम हे त्याचेच पुढचे रूप. स्थळाची निवड येथे बोलकी आहे. पंढरपूरला जाणाऱ्या विधवेला कोणी कारण विचारीत नाही. वारी ही तिच्या अनुपस्थितीला समाजाने आधीच देऊन ठेवलेली सबब होती आणि त्या सबबीच्या टोकाशी एक दार उघडणे ह्यात व्यवहारज्ञान आहे.

ताराबाई शिंदे ह्यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) ह्या निबंधाचे निमित्तही अर्भकहत्येचेच. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी ह्या ब्राह्मण विधवेला स्वतःचे मूल मारल्याबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली; पुढे ती सौम्य करण्यात आली. ह्या प्रकरणावरून वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जी झोड उठविली तिला ताराबाईंचा निबंध हे उत्तर आहे. सत्यशोधक चळवळीशी त्यांच्या घराचा संबंध होता, आणि निबंधावर टीका झाली तेव्हा जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. १९७५ साली स. गं. मालशे ह्यांनी तो पुन्हा प्रकाशात आणल्यापासून त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असून त्याच्या तेजाविषयी येथे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक मर्यादा मात्र नोंदविली पाहिजे. ताराबाई सरळ पुरुषांना सुनावतात. त्यांचा ‘तुम्ही’ म्हणजे पुरुष. त्यामुळे निबंधाला धार येते, मराठी गद्यात अन्यत्र क्वचितच आढळेल अशी. पण त्यामुळेच विजयालक्ष्मी आरंभी येते आणि मागे पडते. तिने काय करायला हवे होते, तिला कोणते दार उपलब्ध होते, ह्या प्रश्नांशी निबंध थांबत नाही. फुले विधवेशी बोलतात आणि आरोपीला सोडून देतात. ताराबाई आरोपीला धरतात आणि विधवा त्यांच्या हातून निसटते. हे दोन मजकूर एकमेकांना पूरक मानून एकत्र शिकविले गेले पाहिजेत. आपल्या अभ्यासक्रमांत एक इतिहासाच्या आणि दुसरा स्त्रीवादी वाङ्मयाच्या खात्यात पडल्याने हे घडत नाही.

ह्यानंतर एकदम १९६७ सालापर्यंत येणे काहीसे घाईचे वाटेल. मधल्या काळातील कादंबऱ्यांत अविवाहित मातृत्वाचे चित्रण नाही असेही नाही. परंतु न्यायासन, आई आणि अर्भक ह्या तिहींना एकाच रंगमंचावर आणणारी कृती म्हणून विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आपल्या विवेचनात अटळ ठरते. अभिरूप न्यायालयाच्या खेळात शाळामास्तरीण लीला बेणारे हिच्यावर कलम ३०२ खाली जो आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा. समीक्षकांनी ह्या आरोपाकडे खेळातील एक क्रूर योगायोग म्हणून पाहिले आहे. त्याची विधिविषयक बाजू पाहिली म्हणजे तो अधिकच क्रूर होतो. कलम ३०२ खुनाचे होते. गर्भपाताची कलमे ३१२ पासून पुढे वेगळी होती. अर्भकहत्येला इंग्लंडात १९२२ पासून खुनाहून निराळा, सौम्यतर अपराध मानण्यात आले. आपल्या दंडसंहितेने तसा भेद केला नाही. काशीबाई आणि विजयालक्ष्मी ह्यांच्यावर खुनाचे खटले झाले ते त्यामुळेच. तेव्हा सुखात्मे-काशीकर मंडळी भ्रूणाला ३०२ लावतात ह्यात अज्ञान आहे की रोख आहे, हे नाटककाराने सांगितले नसले तरी परिणाम एकच होतो : गर्भ, अर्भक आणि प्रौढ माणूस ह्यांच्यातील सीमारेषा पुसल्या जातात आणि उरते ती केवळ स्त्रीची शिक्षा.

नाटकाचा शेवट सर्वांच्या स्मरणात आहे. ज्या न्यायासनाने भ्रूणहत्येचा आरोप ठेवला तेच बेणारेच्या पोटातील गर्भ नष्ट व्हावा असा निर्णय देते. ह्या विसंगतीवर पुष्कळ लिहिले गेले. ते योग्यच आहे. आम्हांला वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. संपूर्ण खटल्यात दोनच मार्गांचा उच्चार होतो. एक, कोणी तरी पुरुषाने नाव द्यावे. त्यासाठी बेणारेने पोंक्षे आणि रोकडे ह्यांच्याकडे शब्द टाकलेला आहे. दुसरा, गर्भ नाहीसा व्हावा. मूल जन्माला येऊन कोणाच्या स्वाधीन केले जाईल, हा तिसरा मार्ग एकाही पात्राच्या तोंडी येत नाही. वास्तविक १९६७ साली मुंबईसारख्या शहरात अशा संस्था होत्या, आणि समाजसेवेचे आपणास व्यसन आहे असे मानणारी काशीकर पतिपत्नी मंचावरच बसलेली आहेत. ह्या मौनाचा दोष नाटककाराला देणे चूक ठरेल. बेणारेला मूल सोपवावयाचे नाही, ते वाढवावयाचे आहे. तिला हवा आहे तो फुल्यांच्या सूचनेतील पहिला पर्याय, ‘न्यावे’ हा. आणि नेमका तोच १८६३ ते १९६७ ह्या शंभर वर्षांत मोकळा झालेला नव्हता. पुढे १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याने एक दार उघडले. तेही ह्या पर्यायाचे नव्हे. अर्भक सुरक्षितपणे स्वाधीन करण्याची सोय कितीही चांगली असली तरी अविवाहित आईला मूल ठेवू न देण्याची ती भरपाई होऊ शकत नाही, ही गोष्ट ह्या नाटकाइतक्या स्पष्टपणे आपल्या कोणत्याही सामाजिक निबंधाने सांगितलेली नाही.

आता विद्यमान कायद्याच्या भाषेकडे वळणे प्राप्त आहे. मूल उघड्यावर सोडून देणे हा जुन्या दंडसंहितेच्या कलम ३१७ प्रमाणे अपराध होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ प्रमाणे आजही आहे. बारा वर्षांखालील मुलाला असे सोडणाऱ्या आईबापांस सात वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. ह्याच्या शेजारी २०१५ चा बालन्याय अधिनियम दुसरी वाट ठेवतो. त्याच्या कलम ३५ प्रमाणे आईबाप अथवा पालक मुलाला बालकल्याण समितीपुढे आणून, चौकशी आणि समुपदेशन ह्यांनंतर, स्वाधीनतेचा लेख करून देऊ शकतात. त्यानंतर फेरविचारासाठी त्यांना दोन महिन्यांची मुदत आहे. अपरिहार्य परिस्थितीमुळे मूल सोडले गेले असेल तर ते जाणूनबुजून सोडले असे मानू नये, आणि त्या अधिनियमाची शिक्षा लावू नये, अशी पुस्तीही कलम ७५ ला जोडलेली आहे.

कलम ३५ चे मुख्य वाक्य एखाद्या कवितेच्या ओळीसारखे सावकाश वाचावे असे आहे. ज्याच्या आवाक्याबाहेरच्या शारीरिक, भावनिक आणि सामाजिक कारणांमुळे जो पालक मूल स्वाधीन करू इच्छितो, अशी त्याची रचना आहे. म्हणजे कारण आवाक्याबाहेरचे आणि इच्छा मात्र स्वतःची. ह्या दोहोंना एका वाक्यात बांधणे ही मसुदाकाराची अडचण होती हे उघड आहे : इच्छा नसेल तर लेख बळजबरीचा ठरतो, आणि कारण आवाक्यातले असेल तर आई दोषी ठरते. कुंतीचा आक्रोश ह्याच दोन टोकांमध्ये होता; अधिनियमाने त्याला उद्देश्य आणि विधेय दिले एवढेच. परंतु तीन विशेषणांच्या यादीत ‘आर्थिक’ हे विशेषण नाही. दारिद्र्याने मूल सोपविण्याची वेळ येऊ नये, तेथे साहाय्य करून मूल आईजवळच ठेवावे, हा त्यामागील हेतू असल्यास तो स्तुत्य आहे. दत्तकविधानाच्या नियमांतही आईने मूल ठेवावे म्हणून तिला प्रोत्साहन द्यावे असे म्हटले आहे. तथापि प्रोत्साहनाबरोबर दूध, औषध आणि निवारा दिला जात नसेल, तर अशा बाईला आपले दारिद्र्य ‘सामाजिक’ ह्या शब्दात लपवावे लागेल. कायद्याने ज्या कारणाला शब्द दिला नाही ते कारण नाहीसे होत नाही.

आणखी एक भेद सर्वसामान्य वाचकाला ठाऊक नसतो. समितीपुढे लेख करून सोपविलेल्या मुलाविषयी जाहीर सूचना निघत नाही. उलट जे मूल नुसते सोडून दिलेले आढळते, त्याच्या पालकांचा शोध करावा लागतो आणि त्यासाठी वर्तमानपत्रांत छायाचित्रासह निवेदन येते. ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे : चार ओळी, एक धूसर चित्र, सापडल्याचा दिनांक आणि ठिकाण, संपर्काचा पत्ता. संस्थेच्या दाराशी टांगलेल्या पाळण्यात रात्री ठेवलेले मूलही, कोणाची सही नसल्यामुळे, ह्या दुसऱ्याच वर्गात मोडते. ह्याचा अर्थ असा की, जी बाई नाव सांगते तिची गुप्तता कायदा राखतो आणि जी नाव सांगण्यास भिते तिच्या मुलाचे चित्र छापतो. ह्यात तर्कदोष नाही, कारण हरवलेले वा पळविलेले मूल असेल तर आईबापांना ते कळलेच पाहिजे. पण जिला हा भेद कळायला हवा तिला तो कोणी सांगितलेला नाही. फुल्यांची सूचना रस्त्याच्या कोपऱ्यावर होती. कलम ३५ राजपत्रात आहे.

तामिळनाडूत १९९२ साली सेलम जिल्ह्यात सरकारी पाळण्यांची योजना सुरू झाली, अमेरिकेत टेक्सास राज्याने १९९९ साली केलेल्या कायद्याचे अनुकरण पुढे सर्व राज्यांनी केले. ह्या सर्वांच्या मुळाशी तोच पेच आहे : नाव विचारावे तर आई येत नाही, न विचारावे तर मुलाला उगम उरत नाही. जर्मनीने २०१४ पासून ह्यावर जो तोडगा काढला तो कुंतीच्या हेराची आठवण करून देतो, मात्र उलट्या दिशेने. आई टोपणनावाने बाळंत होते, खरे नाव बंद पाकिटात राहते, आणि मुलाला सोळाव्या वर्षानंतर ते पाकीट पाहता येते. हेर आता मुलाच्या बाजूचा झाला.

आपल्याकडील नियमांनी पाकिटाऐवजी निराळा मार्ग पत्करला आहे आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यात अधिक स्वारस्य वाटावे. दत्तक गेलेले मूल मोठे होऊन आपल्या मुळांचा शोध घेऊ लागले, आणि आईने सोपविताना आपले नाव गुप्त ठेवण्याची मागणी केलेली असली, तर तिच्या संमतीवाचून नाव सांगता येत नाही. तिने नकार दिला किंवा तिचा ठावठिकाणा लागला नाही, तर मुलाला ज्या कारणांमुळे आणि ज्या परिस्थितीत त्याला सोपविले गेले ती कारणे आणि ती परिस्थिती सांगितली जाते. नाव मिळत नाही, हकीकत मिळते. ह्यामुळे समितीपुढे घाईघाईने भरल्या जाणाऱ्या त्या लेखाला एक दूरचा वाचक लाभतो. लेखात बहुतेक वाक्ये छापील आहेत : मी हे स्वेच्छेने करीत आहे, मला कोणी मोबदला दिलेला नाही, मुदतीनंतर हे बदलता येणार नाही हे मला समजले आहे. ही वाक्ये अधिकाऱ्यासाठी आहेत. कारणाची नोंद तेवढी कोऱ्या जागेत होते. ती बहुधा बाई स्वतः लिहीत नाही. समोरचा कार्यकर्ता तिचे बोलणे ऐकून आपल्या भाषेत उतरवितो. ‘अविवाहित माता’, ‘कुटुंबाचा पाठिंबा नाही’ अशा दोन शब्दसमूहांत ती नोंद संपली तर कायद्याची गरज भागते. पण वीस वर्षांनी जो तरुण किंवा जी तरुणी तो कागद मागेल, तिला आपल्या आईकडून आलेले तेवढेच दोन शब्दसमूह वाचावयास मिळतील, आणि तेही दुसऱ्याच्या भाषेत.

ह्या नोंदी कशा लिहिल्या जातात, त्यांत बाईचे स्वतःचे वाक्य किती उरते, तिला तिच्या बोलीत लेख वाचून दाखविला जातो की नाही, दोन महिन्यांची मुदत तिला ‘न्यावे किंवा ठेवावे’ अशा अर्थाने समजावली जाते की केवळ दिनांक म्हणून, हे पाहण्याचे काम विधिशास्त्राच्या विभागाइतकेच भाषाविभागाचेही आहे. व्यक्तींची ओळख प्रकट करण्यास कलम ७४ अन्वये बंदी असल्यामुळे प्रत्यक्ष लेख हाती घेता येणार नाहीत. परंतु कोऱ्या नमुन्याची भाषा, तिची मराठी रूपे, आणि ती भरून घेणाऱ्या कार्यकर्त्यांना दिले जाणारे शिक्षण ह्यांचा अभ्यास करण्यास कोणतीही आडकाठी नाही.